घरात लहान मुलं आहेत, कुत्रा कोणता घेऊ?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि माझा दवाखाना यांचं जुनं नातं आहे. एप्रिलमध्ये नवी पिल्लं लशीसाठी येतात, प्रत्येकाच्या मागे दोन-तीन मुलांची वरात. जूनमध्ये शाळा सुरू झाली की फोन येऊ लागतात, "डॉक्टर, कुणी चांगलं घर आहे का हो तुमच्या माहितीत?" त्यामुळे या महिन्याच्या टपालातली या विषयावरची पत्रं आधी घेतली. गाईच्या कासदाहाचं विचारणाऱ्या भुसावळच्या वाचकांनी रागावू नये, त्यांना वेगळं कळवलं आहे.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमच्या घरात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. मी आणि मिस्टर सकाळी साडेसातला बाहेर पडतो ते रात्री आठला घरी. सासूबाई घरी असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. मुलांना गोल्डन रिट्रीव्हर हवाय, मिस्टरांना हस्की. मुलांशी सगळ्यात चांगली जमणारी जात कोणती?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुम्ही सगळ्यांची आवड कळवलीत, सासूबाईंची सोडून. आणि दिवसातले बारा तास कुत्र्याबरोबर त्याच असणार! शू झाली तर फरशी कोण पुसणार, बेल वाजली की भुंकणाऱ्याला कोण आवरणार? आधी त्यांना विचारा. त्या 'नको' म्हणाल्या तर तो घरचा शेवटचा शब्द समजा आणि मुलांना मासे आणून द्या.

त्या 'हो' म्हणाल्या असं धरून पुढे लिहिते. हस्कीचं लगेच मिटवते. सायबेरियाच्या बर्फात मैलोन् मैल घसरगाडी ओढण्यासाठी घडवलेलं हे जनावर, अंगावर दुहेरी केसांचा कोट. डोंबिवलीच्या मे महिन्यात त्याला दिवसभर एसीत कोंडणार, आणि ओढायची हौस ते तुमच्या सोफ्यावर भागवणार. मिस्टरांना माझा नमस्कार सांगा.

गोल्डन आणि लॅब्रॅडॉर यांचा मुलांच्या बाबतीतला लौकिक खरा आहे. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी दात न लावता उचलून आणून द्यायचा, हे त्यांचं मूळ काम. माणसाच्या मर्जीत राहणं आणि तोंड हलकं ठेवणं त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या मुरलंय. पण जे कुत्रं सगळं तोंडात धरण्यासाठी घडवलं गेलं, ते पिल्लू असताना सगळं तोंडात धरणारच. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात. अशा वेळी तुमची पाच वर्षांची लेक फ्रॉक उडवत हॉलमधून धावली की पिल्लू फ्रॉकला लटकणार. ती किंचाळली की त्याला वाटणार, खेळ रंगात आला. सुईसारखे दात पोटरीला लागणार. मग "चावरं निघालं हो" म्हणत पालक माझ्याकडे येतात. चावरं कुठलं, चार महिन्यांचं आहे ते! पण त्या मुलीला पुढे वर्षभर पाय सोफ्यावर घेऊन बसावं लागतं, हेही खरं.

लॅबची आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्याची भूक. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की साधारण दर चार लॅब्रॅडॉरमागे एकात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. ज्या घरात मुलीच्या हातात सतत बिस्किट असतं आणि आजी पोळीचा तुकडा टाकल्याशिवाय जेवत नाही, तिथे लॅब दोन वर्षांत चाळीस किलोच्या पुढे जातो. मग त्याचेही गुडघे आजींसारखेच. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत, हे मुलांना आधी पाठ करून घ्या. कांद्याच्या भाजीचा रस्साही नको.

पगचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण शेजारी सुचवतीलच. २००३ सालच्या त्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घराघरात पग आले. स्वभावाने मुलांना सोन्यासारखा, पण नाक चेपलेलं, त्यामुळे उन्हात धापा टाकतो. मुलं दुपारी खाली खेळायला नेतात आणि संध्याकाळी तो माझ्या टेबलावर ऑक्सिजनवर असतो. बीगल आनंदी प्राणी, पण सशामागे हाकारे घालायला तयार केलेला त्याचा गळा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पोचतो.

तुमच्या घरासाठी माझं मत विचाराल तर पिल्लू घेऊच नका. दोन-तीन वर्षांचं, स्वभाव ठरलेलं, नसबंदी झालेलं कुत्रं घ्या. देशी असेल तर फारच छान : हवेला सरावलेलं, कातडी चिवट, वजन बेताचं. ज्यांनी ते तात्पुरतं सांभाळलं असेल त्यांच्या घरी मुलं आहेत का, हे विचारा. मग मुलांना घेऊन भेटायला जा. मुलांनी त्याच्याकडे धावायचं नाही. जमिनीवर थोडं तिरकं बसायचं, नजर रोखायची नाही. कुत्रं आपणहून आलं की छातीवर किंवा खांद्यावर, डोक्यावर नव्हे, तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. आता बघा. त्याने अंग पुढे टेकवलं, नाकाने हात ढोसला, तर त्याला आणखी हवंय. नाक चाटलं, जांभई दिली, मान वळवली किंवा उठून चालू पडलं, तर पुरे झालं. हे तीन-चारदा करा, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी. तुमच्या मुलांनी हात लावल्यावर जे दर वेळी आणखी मागतं, ते तुमचं. जात कुठलीही असो.

पिल्लूच हवं असा हट्ट असेल तर त्याची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याच्या दारातून मागे फिरा. अनोळखी माणूस पिल्लांजवळ बसल्यावर ती शेपूट हलवत येते की कोपऱ्यात अंग चोरते, यातून पिल्लाबद्दल बरंच कळतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तरी तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं "पंचेचाळीस दिवसांचं आहे, मॅडम" म्हणून गळ्यात मारली जातात. भावंडांत खेळताना जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ थांबतो, हा धडा त्या वयात मिळतो. तो चुकला की शिकवण्याचं काम तुमच्या मुलीच्या पोटरीवर येतं.

आणि दुपारी फिरवायला पगारी माणूस ठेवा. आजींना जिने उतरवू नका.

प्रश्न : आमच्याकडे सहा वर्षांचा पॉमेरियन आहे. आतापर्यंत कुणावर कधी दात काढले नाहीत. मुलगी नऊ महिन्यांची झाली, रांगायला लागली, आणि गेल्या आठवड्यात तो तिच्यावर गुरगुरला. मिस्टरांनी त्याला चांगलाच दम दिला. आई म्हणते, आजच कुठेतरी देऊन टाका. सोबत दोघांचा फोटो पाठवतेय, बघा किती प्रेम आहे.
— एक आई, पुणे

उत्तर : फोटो मोठा करून बघितला. बाळाचा हात त्याच्या गळ्यात, बाळ हसतंय. आता फक्त कुत्र्याकडे बघा. तोंड घट्ट मिटलेलं, कान मागे चिकटलेले, तोंड बाळापासून दुसरीकडे, पण डोळा मात्र बाळाकडे, त्यामुळे बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसतेय. जिभेचं टोक नाकावर. हे कुत्रं कधीपासून "मला सोडवा" म्हणतंय आणि सगळे त्याचे फोटो काढताहेत.

त्याने केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे गुरगुरणं. मिस्टरांना सांगा, त्यावर दम देऊ नका. गुरगुरल्यावर मार बसतो हे कळलं की कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी थेट दात लावतं. "काही न सांगता चावला" म्हणून जी कुत्री आणली जातात, त्यातल्या बऱ्याच जणांचं तोंड घरच्यांनीच आधी बंद केलेलं असतं.

आता काम. (आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, तुमचाही फोटोवरून तोच वाटतो. असो.) या लहान कुत्र्यांचे दात लवकर बिघडतात आणि गुडघ्याची वाटी सरकते. वरचा ओठ हळूच उचलून मागच्या दाढा बघा. तपकिरी थर आणि तोंडाला घाण वास असेल, तर बाळ गालाचे केस ओढतं तेव्हा त्याला ठणका लागत असणार. आधी तपासून घ्या. दुखणं बरं झाल्यावर स्वभाव पालटलेली कुत्री मी पुष्कळ बघितली आहेत.

दुसरं, हॉल आणि आतली खोली यांच्या मध्ये अर्ध्या उंचीचं फाटक बसवा. सुतार दिवसभरात करून देतो. कुत्र्याची गादी, पाणी, ताट फाटकापलीकडे, आणि त्या बाजूला बाळाला बंदी. त्याला माणसं दिसली पाहिजेत, बाळ पोचता कामा नये. फाटकाच्या अलीकडे दोघं एकत्र असतील तेव्हा एक मोठं माणूस जमिनीवर, दोघांच्या मध्ये. दूध उतू जातंय म्हणून उठलात तरी बाळाला कडेवर घेऊन उठा. मुलांना होणारे बहुतेक चावे ओळखीच्याच कुत्र्याचे असतात, आणि बाळाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं म्हणून ते चेहऱ्यावर बसतात. ओरखडा जरी उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट डॉक्टरांकडे. हळद, चुना, मिरची काहीही भरायचं नाही. घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळायचं नाही.

इतकं करूनही महिना-दोन महिन्यांत तो बाळ दिसलं की ताठरत असेल, तर मुलं नसलेल्या, त्याला ओळखणाऱ्या घरी देण्यात पाप नाही. तुमची आई म्हणतात तसं "कुठेतरी" मात्र नाही.

प्रश्न : आमचं घर शेतात आहे. राखणीला आणि मुलाला सोबत म्हणून कारवान घ्यावा असं वडील म्हणतात. मुलगा सात वर्षांचा. चालेल का?
— एक शेतकरी, कराड तालुका

उत्तर : दादा, कारवान म्हणजे मुधोळ हाउंड, माझ्या आवडीचं जनावर. मुधोळच्या घोरपड्यांनी ही जात जोपासली, २००५ साली टपाल तिकिटावर आली, पुढे लष्करानेही घेऊन बघितली. वडिलांची पारख चांगली आहे.

पण सोबत कसली हवी ते ठरवा. कारवान नजरेने शिकार करणारा आहे. पळेल त्याच्या मागे तो सुटतो, मग ती शेजाऱ्याची कोंबडी असली तरी. अंगाखांद्यावर घेतलेलं, कवटाळलेलं त्याला फारसं रुचत नाही. तुमचा मुलगा बांधावरून हिंडणारा असेल तर दोघांचं छान जमेल. मिठ्या मारणारा असेल तर देशी किंवा लॅब बरा.

दोन गोष्टी सांभाळा. त्याला दिवसभर साखळीला बांधू नका. बांधलेल्या कुत्र्याला मागे हटायला जागा नसते, आणि चेंडू आणायला गेलेलं पोर नेमकं साखळीच्या टप्प्यात सापडतं. दुसरं, मुलगा त्याचा असला तरी मुलाचे मित्र त्याचे नसतात. क्रिकेटला पोरं जमली, आरडाओरडा करत धावू लागली, की कारवान आत. दार लावून.

प्रश्न : मुलाला दमा आहे. पूडलची ॲलर्जी होत नाही असं ऐकलं. घ्यावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : केस कमी गळतात म्हणून फरशी स्वच्छ राहते, एवढंच. ॲलर्जी करणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, आणि ती पूडललाही असतात. कुत्रं असलेल्या मित्राकडे मुलाला काही दिवस तासन् तास बसू द्या, काय होतं ते बघा, आणि मुलाच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका.

प्रश्न : डॉक्टर आजी, मी पाचवीत आहे. मला कुत्रा हवाय. आई म्हणते, तू काही करणार नाहीस, सगळं मलाच करावं लागेल. तिला कसं पटवू?
— कोल्हापूर

उत्तर : बाळा, आई खरं बोलतेय. दहा वर्षांचं मूल कुत्रं एकट्याने सांभाळू शकत नाही, कायम कुणीतरी मोठं लागतंच. पण तुझं अगदीच काही चालणार नाही असं नाही. तुमच्या गल्लीत कुणाकडे तरी कुत्रा असेल. त्यांना विचार, सकाळी सहाला ते फिरवायला निघतात तेव्हा तू बरोबर गेलास तर चालेल का. पट्टा त्यांच्या हातात राहू दे. तू पाण्याची बाटली धर, शी उचल, घरी आल्यावर कुत्र्याचे कान आणि पंजांची बोटं बघून गोचीड शोधायला शिक. हे जुलैमध्ये कर, कोल्हापूरच्या पावसात, रेनकोट घालून, रविवारीसुद्धा. आईने उठवायचं नाही, गजर तू लावायचा. श्रावण संपेपर्यंत टिकलास तर मला पुन्हा लिही, मग आईला मी पत्र लिहीन.

शी उचलायला जुना पेपर लागतो. हा अंक वापरू नकोस.