वाचक विचारतात : गादी घरची न्यावी की नाही?

प्रवेशाचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो. एरवी बियाणे, बँक आणि वारसा नोंदी यांविषयी विचारणारे वाचक मुलामुलींच्या वसतिगृहाविषयी विचारू लागतात. मी स्वतः काही वर्षे मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते, म्हणून ही पत्रे संपादकांनी माझ्याकडे सोपवली. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र करून त्यांतली पाच येथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, माझे बी.एस्सी.पर्यंतचे शिक्षण खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करून झाले. आता धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला असून वसतिगृहात जागाही मिळाली आहे. आईने कापसाची गादी, लोखंडी ट्रंक, पाणी तापवायचा रॉड, इलेक्ट्रिक शेगडी आणि महिनाभराची चटणी-लोणची अशी यादी केली आहे. यातले काय न्यावे आणि काय ठेवावे?
*— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका*

उत्तर : आईची यादी मायेने केलेली आहे, पण ती घराच्या मापाने केलेली आहे. वसतिगृहातली कॉट घरच्या पलंगापेक्षा बहुधा अरुंद असते आणि घरची कापसाची गादी तिच्यावरून एका बाजूला लोंबते. शिवाय पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि ती गादी उन्हात टाकायला गच्ची मोकळी मिळेलच असे नाही. म्हणून पहिल्या खेपेला एक जाड सतरंजी, दोन चादरी आणि उशी एवढेच न्यावे. कॉटची लांबी-रुंदी स्वतः मोजून मग तिथल्याच बाजारातून पातळ गादी घ्यावी. ट्रंक अवश्य न्यावी, मात्र ती कॉटखाली सरकेल एवढ्याच उंचीची असावी आणि तिच्याखाली दोन विटा किंवा लाकडी पट्ट्या ठेवाव्यात, नाहीतर फरशीच्या ओलीने तिचा तळ पहिल्याच पावसाळ्यात गंजतो.

कपड्यांचे म्हणाल तर खानापूरकरांना पाऊस शिकवण्याची गरज नाही. पण घरी चुलीमागे किंवा माळ्यावर कपडे वाळतात आणि वसतिगृहात मात्र दोघी-तिघींच्या खोलीत एकच दोरी असते, हा फरक लक्षात ठेवावा. जीनची विजार झडीच्या दिवसांत तीन-तीन दिवस वाळत नाही आणि चौथ्या दिवशी तिला कुबट वास येऊ लागतो. पहिल्या तीन महिन्यांसाठी पातळ सुती किंवा मिश्र कापडाचे सलवार-कुडते न्यावेत, आणि जाड टॉवेलाऐवजी दोन पंचे. पंचा रात्रीत वाळतो. वसतिगृहात राहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

रॉड आणि शेगडी मात्र घरीच ठेवावी. वसतिगृहांच्या नियमांत या दोन्ही वस्तूंना सहसा बंदी असते आणि ती केवळ वीजबिलापोटी असते असा मुलींचा समज असतो. तो पुरता खरा नाही. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड 230 व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढतो आणि खोलीतला लहान सॉकेट बहुधा सहा अँपिअरचा असतो. पंधरा लिटरची बादली न्हाण्याजोगी तापायला साधारण चौदा मिनिटे लागतात. तेवढा वेळ तो सॉकेट आपल्या ताकदीबाहेर काम करतो आणि आतून तापत राहतो. त्यात सकाळी सहाला एका मजल्यावरच्या आठ मुलींनी एकाच वेळी रॉड लावला तर भार बावन्न अँपिअरवर जातो आणि सगळा मजला अंधारात बसतो. जळके, काळे पडलेले सॉकेट मी दरवर्षी बदलून घेत असे आणि ते कोणाच्या खोलीतले हे विचारण्याची गरज पडत नसे. गरम पाणी सोलरचे आहे की बंबाचे आणि ते कोणत्या वेळेत मिळते, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

चटणी-लोणच्याबद्दल आईचे मन मोडू नये, पण प्रमाण कमी करावे. धारवाडकडच्या मेसमध्ये शेंगांची किंवा कारळ्याची चटणी ताटात असतेच. नेण्यासारखी गोष्ट म्हणजे घरचे तिखट. तेही फिरकीच्या झाकणाच्या डब्यात न्यावे, कारण मुंग्यांना वसतिगृहाचा पत्ता आपल्या आधी ठाऊक असतो.

आता यादीत नसलेली, पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. खोलीचा ताबा मिळाल्यावर ट्रंक उघडण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि खोलीत काय आहे व काय मोडलेले आहे ते लिहावे. कॉटच्या किती पट्ट्या सुटल्या आहेत, खुर्चीचा पाय डुगडुगतो का, कपाटाची कडी लागते का, खिडकीची तावदाने शाबूत आहेत का, पंख्याचा रेग्युलेटर फिरतो का, अशा बारीकसारीक नोंदी असाव्यात. त्याच्या दोन प्रती कराव्यात, तारीख घालून एकीवर कार्यालयाची सही घ्यावी आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत. माझ्या भाचीच्या खोलीत खिडकीच्या एका दाराची बिजागरी ती जाण्याआधीपासूनच तुटलेली होती. तिने ते पहिल्या आठवड्यात तिथल्या माणसाला तोंडी सांगितले, त्याने मान डोलावली आणि दोन वर्षांनी खोली सोडताना त्याच बिजागरीपोटी तिच्या अनामतीतून पैसे कापले गेले. मान डोलावणारा माणूस तोवर बदलून गेला होता. रक्कम मोठी नव्हती, पण अधीक्षिकेच्या भाचीच्या बाबतीत हे घडल्यामुळे मला ती अजून बोचते.

प्रश्न : माझ्या मुलाला सीमाभागातील मराठी भाषिक म्हणून कोल्हापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळत आहे. सगळे शिक्षण कर्नाटकात झाल्याने कागदपत्रांत अडचण येईल अशी भीती वाटते. वसतिगृहाची तयारी कशी करावी?
*— एक पालक, निपाणी*

उत्तर : महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात विवादित सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी टाइप-ई असा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यासाठीचे दाखले ठरवून दिलेल्या नमुन्यातच लागतात. ते दाखले तुम्ही मिळवले असतीलच. महाविद्यालयात त्यांच्या मूळ प्रती दाखवाव्यात आणि वसतिगृहाच्या कार्यालयात साक्षांकित प्रतीच द्याव्यात. मूळ प्रत एकदा फाइलमध्ये गेली की ती परत मिळवण्यासाठी निपाणी-कोल्हापूर अशा चाळीस किलोमीटरच्या खेपा घालाव्या लागतात.

अडचण बहुधा कागदांची नसते, त्यांच्या नावांची असते. कोल्हापूरचा कारकून ‘बारावीची गुणपत्रिका’ मागतो, तेव्हा त्याला आपले सेकंड पीयूचे मार्क्स कार्ड हवे असते. तो ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणतो, त्याला आपण टीसी म्हणतो. मुलगा खिडकीपाशी ‘तो माझ्याकडे नाही’ असे सांगून परत येतो आणि कागद त्याच्या पिशवीतच असतो. दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडच्या मार्क्स कार्डावर कित्येकदा आडनाव सुटलेले असते किंवा वडिलांचे नाव नुसत्या आद्याक्षरावर आलेले असते, आणि आधारवर मात्र तिन्ही नावे असतात. असा फरक असेल तर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र आधीच करून सोबत द्यावे. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळालेला दाखला कानडीत असल्यास त्याचे भाषांतर जोडावे. शिवाय कर्नाटकात मिळालेला जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या सवलतींसाठी तसाच चालेल असे गृहीत धरू नये आणि फीचा हिशेब त्याच्या भरवशावर मांडू नये.

आणखी एक सूचना, जी ऐकून पालक हसतात आणि महिन्याने फोन करतात. मुलाच्या आधारला आणि बँक खात्याला तुमचा मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर जाण्यापूर्वी त्याचा स्वतःचा क्रमांक जोडून घ्यावा. नाहीतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ओटीपी निपाणीत येतो, तुम्ही शेतात असता आणि मुलगा कोल्हापुरात संगणकासमोर वाट पाहत बसतो.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर लगेच खासगी खोलीकडे धावू नये. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पाठोपाठ निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली, त्यामुळे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय हा कोल्हापूरच्या जुन्या परंपरेचा भाग आहे. अशा बोर्डिंगांकडे स्वतः जाऊन जागेची चौकशी करावी. खासगी खोलीपेक्षा ती सहसा स्वस्त पडतात, मात्र रात्री परतण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

प्रश्न : माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. कानडी समजते, पण बोलताना अडखळतो. वसतिगृहात माझा रूम पार्टनर विजापूरकडचा आहे आणि त्याला मराठी येत नाही. जमेल का?
*— एक विद्यार्थी, चिकोडी तालुका*

उत्तर : जमेल, आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा लवकर जमेल. चिकोडीच्या बाजारात वाढलेल्या मुलाच्या कानावर जेवढी कानडी असते, तेवढी पहिल्या महिन्याला पुरते. अडखळण्याचे कारण शब्दांपेक्षा संकोच हे असते. दोघांनी इंग्रजीचा आधार घेतला तर तो संकोच वर्षभर टिकतो, म्हणून सुरुवातीपासून मोडकीतोडकी का होईना, कानडीच बोलावी. त्यालाही हळूहळू मराठी शब्द सांगावेत. ‘ऊटा आतेन्री?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ एवढ्या प्रश्नावर आमच्या वसतिगृहात कित्येक मैत्री जुळल्या. शेवटचे ‘री’ विसरू नये. आपल्या ‘अहो’चे काम ते करते, आणि मेसच्या आचाऱ्याशी किंवा शिपाईमामांशी बोलताना ते नसेल तर वाक्य उद्धट ऐकू येते. काही शब्द फसवेही असतात. धारवाड-विजापूरकडे ‘कीली’ म्हणजे कुलूप आणि ‘कीलीकै’ म्हणजे किल्ली. आमच्याकडची एक मराठी मुलगी मैत्रिणीकडे ‘कीली’ मागत बसली आणि मैत्रिणीने तिच्या हातात पुन्हा पुन्हा कुलूप दिले.

वाचण्याच्या बाबतीत आधी दहा कानडी अंक पक्के करावेत. मेसच्या वेळा आणि बसच्या पाट्या यांवर ते आढळतात, आणि संपूर्ण लिपी येत नसली तरी अंकांवर बरेच काम भागते. सूचना फलकावरची कानडी सूचना समजली नाही तर फोटो काढून रूम पार्टनरला विचारावी. फी भरण्याची मुदत अशाच एका न वाचलेल्या कागदावर असते.

एक पथ्य मात्र पाळावे. आपल्या गावचे दोन-तीन मित्र खोलीत जमले की गप्पा मराठीत रंगतात आणि ज्याची ती अर्धी खोली आहे तो पार्टनर पुस्तकात डोके घालून बसतो. आपल्याबाबतीत असे घडले तर आपल्याला राग येतो. अशा वेळी बैठक कॅन्टीनमध्ये हलवावी किंवा त्यालाही ज्वारीच्या भाकरीच्या वादात ओढावे. विजापूरच्या माणसाला त्याच्या ‘जोळद रोट्टी’विषयी बोलायला भाषा आडवी येत नाही.

प्रश्न : मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार आहे. रॅगिंगच्या बातम्या वाचून झोप येत नाही.
*— एक आई, बेळगाव*

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनुसार विद्यार्थी आणि पालक दोघांनाही रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते केवळ सही करून टाकू नये, दोघींनी बसून वाचावे, सोबत विनियमांचे तिसरे कलमही वाचावे, कारण रॅगिंग कशाला म्हणायचे हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. कपड्यांवरून किंवा भाषेवरून टिंगल करणे आणि वरच्या वर्गाची जर्नल जबरदस्तीने लिहून घेणे हेही त्यातच मोडते. पहिल्या वर्षाच्या मुलींना शक्यतो वेगळ्या विभागात ठेवावे असेही त्या नियमांत आहे. तशी व्यवस्था आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. 1800-180-5522 ही मदतवाहिनी चोवीस तास चालते आणि विनामूल्य आहे. हा क्रमांक मुलीच्या मोबाइलमध्ये तर हवाच, पण मोबाइलच काढून घेतला गेला तर काय, म्हणून एका कागदावर लिहून तिच्या पाकिटातही ठेवावा. रोज रात्री ‘सगळे ठीक ना?’ असे विचारल्यास उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी आज जेवायला कोणाबरोबर बसलीस, असे विचारावे. सलग चार दिवस ‘एकटीच’ असे उत्तर आले तर पुढच्या रविवारी भेटून यावे.

प्रश्न : पहिल्या शनिवारी लगेच घरी यावे की थोडे थांबावे?
*— वर पहिला प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी*

उत्तर : पहिले दोन शनिवार-रविवार थांबावे. खोलीतल्या मुलींची ओळख वर्गापेक्षा सुटीच्या दिवशी कपडे धुताना अधिक होते. तिसऱ्या आठवड्यात खुशाल यावे. कर्नाटकचा पत्ता असलेले आधार कार्ड जवळ असेल तर 11 जून 2023 पासून सुरू असलेल्या शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास तुम्हाला मोफत आहे. मात्र बेळगाववरून वळसा पडतो. लोंढा-अळणावर मार्गाने जाणारी रेल्वे खानापूरहून थेट धारवाडला पोहोचते, तिचे तिकीट मात्र काढावे लागते. येताना न वाळलेले कपडे आणायचे असतील तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नयेत. सुती पिशवीत सैल भरून आणावेत आणि घरात शिरल्याबरोबर आधी दोरीवर टाकावेत, गप्पा नंतर.