वादळानंतरची वाडी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, आम्ही राहतो ठाण्याला. वादळ झालं की आम्ही गावच्या संस्थेला कपडे, धान्य, पैसे पाठवतो. यातलं नेमकं उपयोगी काय पडतं?

कपडे पाठवू नका. पावसात ते भिजतात, कुजतात आणि शाळेची एक खोली अडवून बसतात. पैसेच पाठवा, तेही बँकेतून. रोख देणगी २००० रुपयांच्या वर गेली की देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं काही आठवडे अंधारात राहिली. विहिरीत पाणी असूनही पंप बंद. अशा वेळी लागतात जाड ताडपत्र्या, झाडं कापायची साखळी करवत, आणि वाडीवाडीत फिरवता येईल असा हातगाडीवरचा जनरेटर. मात्र निम्म्याहून जास्त पैसे संस्थेनं पुढच्या दोन वर्षांसाठी बाजूला काढावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या पंधरवड्यात मदत करणारे पुष्कळ असतात. सुपारीचं रोप मात्र बी रुजवल्यापासून लावण्याजोगं व्हायला वर्ष ते दीड वर्ष घेतं आणि झाड धरायला आणखी पाच-सात वर्षं. त्या काळात विचारायला कोणी येत नाही.

नारळ-पोफळी अर्धवट मोडल्यात. कुठलं झाड ठेवावं, कुठलं तोडावं?

शेंडा बघा. माडाला (नारळाच्या झाडाला) आणि पोफळीला (सुपारीच्या झाडाला) वाढणारा कोंब एकच असतो. तो मोडला की खोड कितीही हिरवं दिसो, झाड गेलं. शेंडा नुसता पिळवटला असेल तर दोन-तीन महिने थांबा. मधून नवी पात सरळ वर आली तर झाड वाचलं. लोंबकळणाऱ्या मोडक्या झावळ्या काढा आणि शेंड्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारा, नाहीतर पावसात कोंब कुजतो. एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळायचं. लोखंडी सुरी बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पडलेल्या माडांची खोडं वाडीत ठेवण्याची चूक सर्रास होते. कुजत्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तयार झालेले भुंगे उभ्या माडांचे कोंब पोखरतात. जखमी माडाकडे सोंड्या भुंगाही येतो. म्हणून खोडं महिन्या-दोन महिन्यांत चिरून हलवा. एकट्या म्हाताऱ्या माणसाला हे झेपत नाही. संस्थेनं करवत आणि मजुरी दिली, तर वाटलेल्या रोपांपेक्षा त्याचा उपयोग मोठा. पोफळीची सरळ खोडं मांडवाला, वाशांना चालतात, ती आधी वेगळी काढा.

वाटपात मिळालेली सुपारीची रोपं उन्हाळ्यात मेली. का?

सावली नव्हती म्हणून. पोफळ माडाच्या सावलीत वाढते, आणि वादळानं माडच नेले. आधी केळी लावा, मग सुपारी. उभ्या राहिलेल्या पोफळींनाही नैऋत्येकडून येणारं दुपारचं ऊन लागून खोड भाजतं आणि तिथे फुटतं. त्या बाजूनं पोफळीच्याच सुक्या झावळ्या बांधा.

रोप १२ ते १८ महिन्यांचं, निदान पाच पानांचं हवं. निचऱ्याच्या जमिनीत पावसाच्या सुरुवातीला लावा, पाणी साचत असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात. अंतर २.७ मीटर, म्हणजे गुंठ्याला साधारण १४ रोपं. दहा गुंठ्यांना १४०, आणि मर भरून काढायला वीसेक जास्त. जुन्या वाड्या याहून दाट असतात, त्यामुळे मागणी दुप्पट येते. ती मान्य करू नका. बी गावातल्याच वाचलेल्या चांगल्या झाडांचं घ्या. पिकलेली सोलाणासकट फळं पाण्यात टाका, जी देठ वर करून उभी तरंगतील ती ठेवा. वाण हवा असेल तर श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात चौकशी करा.

पंचनाम्यात आमची वाडी सुटली. आता काय?

साफसफाईआधीचे, प्रत्येक पडलेल्या झाडावर खडूनं आकडा घालून काढलेले फोटो असतील तर तलाठी आणि कृषी सहायकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खरी अडचण सातबाऱ्यावरच्या नावांची असते. बारा हिस्सेदार, त्यातले आठ मुंबईला. सगळ्यांची संमतीपत्रं, आधार आणि एका खात्याचा तपशील जुळल्याशिवाय पैसे जमा होत नाहीत. संस्थेत हे काम करणारा एक चिवट माणूस हवाच. ‘निसर्ग’नंतर फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले. पाच गुंठ्यांच्या वाडीला त्याचे होतात जेमतेम अडीच हजार. ओरड झाल्यावर झाडामागे हिशेब आला, सुपारीला ५० आणि नारळाला २५० रुपये. म्हणूनच झाडं मोजून ठेवा, क्षेत्रावर विसंबू नका.

विहिरीत पालापाचोळा आणि माती गेली. किती ब्लीचिंग पावडर टाकू?

आधी गाळ काढा. समुद्रालगतच्या विहिरीतून मोठ्या पंपानं झपाट्यानं उपसा करू नका, खारं पाणी आत ओढलं जातं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून ७० ग्रॅम ताजी पावडर. वादळानंतर पहिल्यांदा दुप्पट. बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून हलवा. पावडरीतला चुना पहिल्या बादलीच्या तळाशीच राहू द्या. तासभर पाणी वापरू नका. खारटपणा मात्र पावडरीनं जात नाही.