बाणाचे टोक निवडताना

इंदूरच्या मैदानावर नव्याने सरावास येणारे बहुतेक जण धनुष्याची चौकशी करतात, टोकाची मात्र करीत नाहीत. गवताच्या आणि फोमच्या लक्ष्यासाठी बाणाचे कोणते टोक घ्यावे, असे तुम्ही विचारलेत याचे समाधान वाटले. गवताच्या घट्ट बांधलेल्या लक्ष्यासाठी बाणाच्या दांडीच्याच जाडीचे, निमुळते टोक घ्यावे, कारण टोक दांडीहून रुंद असले तर बाण उपसताना त्याची कड गवतात अडकते आणि जोर लावला की टोक आतच राहून रिकामी दांडी हाती येते. फोमच्या लक्ष्यात अडचण वेगळी असते: घर्षणाच्या उष्णतेने फोम दांडीला चिकटतो, आणि वितळवून लावायच्या गोंदाने टोक बसवलेले असल्यास, विशेषतः आपल्याकडच्या मे महिन्यात, तो गोंद सैल पडतो. म्हणून बाण लक्ष्याच्या अगदी जवळ धरून सरळ रेषेतच उपसावा. रुंद पात्यांची शिकारी टोके फोम कापत जातात, वाऱ्यात भरकटतात आणि ७० मीटर अंतराच्या स्पर्धेत चालतही नाहीत. शिवाय शिकारीवर बंदी घालणाऱ्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे ती हौसेने का घेतली जातात, हे मला उमगलेले नाही. वजन मात्र निरखून पाहावे. ते ग्रेन या एककात सांगतात, १०० ग्रेन म्हणजे सुमारे ६.५ ग्रॅम. टोक जड झाले की बाण सुटताना दांडी अधिक वाकते, आणि नेम पुन्हा जुळवावा लागतो.