डायरीतले लाल शेरे आणि नागपूरचा मार्च

मार्च लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. शब्द वेगवेगळे पण म्हणणं तेच, की मॅडम पोरगा आधी असा नव्हता हो, दिवाळीनंतर तर किती छान चाललं होतं, आता वर्गात बसतच नाही, मारामारी करतो, बाई म्हणतात डॉक्टरला दाखवा, याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तर नसेल ना? असाच दुसरा लोंढा जुलैत येतो, झड लागली की. मी नागपुरात प्राथमिकच्या मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, बारा वर्षं होतील आता, आणि या प्रश्नावर मी पहिली गोष्ट सांगते ती म्हणजे शाळेची डायरी घेऊन या, वर्षभराची, एक पानही सोडू नका.

२०२५ च्या मार्चमधली एक केस सांगते. दुसरीतला मुलगा, सात वर्षांचा, सोनू म्हणू (नाव बदललंय, बाकी ओळखीच्या खुणाही). आई आली तेव्हा बसायच्या आधीच रडायला लागली. "मॅडम, रोज शाळेतून फोन येते. काल त्यानं बाजूच्या पोराले चावलं. याचे बाबा म्हणते तूच लाडावला, सासूबाई म्हणते नजर लागली, अन् मी रात्री मोबाईलवर सगळं वाचलं तर त्यातली सगळीच लक्षणं याले आहे." तिचा हात धरून बसले थोडा वेळ. सोनू तेवढ्यात माझ्या टेबलावरचे ठोकळे रंगाप्रमाणे लावत बसला होता, चांगली पंचवीस मिनिटं, मान वर न करता. खोलीत कूलर चालू होता आणि सकाळचे दहा वाजले होते, ही गोष्ट मी तेव्हाच वहीत लिहून ठेवली.

मग डायरी काढली. लाल शाईचे शेरे एकूण २३. मी प्रत्येकाची तारीख एका कागदावर उतरवली, आईला म्हटलं तुम्हीच महिने लावा. जुलैत ४, ऑक्टोबरात ३, नोव्हेंबर ते जानेवारी मिळून फक्त १ (तोही डबा विसरला म्हणून), आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून १५. आई त्या कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे थंडीत हा बराच होता की." एडीएचडी असं थंडीत सुट्टीवर जात नाही हो. त्याचं निदान करताना डॉक्टर बघतात की लक्षणं किमान सहा महिने सतत आहेत का, आणि घर, शाळा, नातेवाईकांकडे अशा दोन किंवा जास्त ठिकाणी दिसतात का. इथे तर सगळे शेरे शाळेतले, आणि वर्गशिक्षिकेला फोन करून विचारलं तर त्यातले बहुतेक दुपारच्या सुट्टीनंतरचे. शाळा बारा ते सव्वापाच, म्हणजे तापलेली सगळी दुपार वर्गात.

परवानगी काढून मी एक दिवस वर्गात जाऊन बसले, शेवटच्या बाकावर. मार्चचा दुसरा आठवडा, पारा चाळिशीला टेकलेला. वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, ५२ पोरं, चार पंख्यांपैकी एक बंद आणि एक नुसता फिरल्यासारखा करत होता. पश्चिमेच्या खिडकीला पडदा नाही आणि सोनूची जागा नेमकी त्या खिडकीला लागून. तीन वाजता ऊन त्याच्या मानेवर आलं. मानेवर घामोळ्या उठल्या होत्या, कॉलर घासली की तो खाजवायचा, खाजवताना कोपर बाजूच्याला लागायचं, बाजूचाही वैतागलेलाच, तो ढकलायचा, आणि बाईंनी वळून बघितलं की त्यांना दिसायचा सोनू. अर्ध्या तासात हे तीनदा झालं.

मग शुद्धलेखन सुरू झालं. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. तळहाताला इतका घाम की वहीचं पान ओलं झालेलं, पेन्सिल घसरायची, अक्षर चुकलं म्हणून त्याने खोडरबर फिरवलं आणि ओलं पान टरकन फाटलं. त्याने एक सेकंद त्या भोकाकडे बघितलं आणि मग अख्खं पानच चुरगाळून टाकलं. डायरीत या प्रकाराचे आधीच तीन शेरे होते, "मुद्दाम वही फाडतो". बाईंची चूक म्हणत नाही मी, ५२ मुलांच्या पुढे उभं राहून ते भोक कसं दिसणार? पण मला ते दिसलं आणि खरं सांगते, गलबलून आलं.

त्याची पाण्याची बाटली उचलून बघितली तर गळ्यापर्यंत भरलेली, बारा वाजता घरून आणली तशी. विचारलं पाणी का नाही प्यायलास रे, तर म्हणे "गरम झालं ना. अन् मग सूसू लागते, मध्ये सोडत नाही." आता यात कोणतं वागणं सुधारायचं सांगा? लहान मुलांचं शरीर वजनाच्या मानाने बाहेरची उष्णता जास्त ओढून घेतं, घामही त्यांना मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि खेळात किंवा भीतीत असली की तहान लागलीय हे त्यांच्या लक्षातच येत नाही. थोडं जरी पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं, लक्ष उडतं, चिडचिड होते. मोठा माणूस म्हणेल मला गरगरतंय, सात वर्षांचं पोर चावेल.

रात्रीचं विचारलं तेव्हा उरलेलं कळलं. घर वरच्या माळ्यावर, स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम, लाईट गेली की कूलर बंद, पोरगा बारा साडेबारापर्यंत तळमळतो. आणि शाळा सुटल्यावर साडेपाचला थेट ट्यूशन!

मुख्याध्यापिकांना भेटले तर त्यांनी रास्त प्रश्न विचारला, सगळ्या मुलांना ऊन सारखंच आहे मग हाच का? तर ऊन सारखं असलं तरी जागा सारखी नसते, झोप सारखी नसते, आणि काही मुलं मुळातच जास्त हळवी, खरबरीत कॉलरही त्यांना सहन होत नाही. आणि बाकीची मुलंही काही ठीक नव्हती, अर्धा वर्ग पेंगत होता, फक्त पेंगणाऱ्याला शेरा मिळत नाही. त्यांना मी अर्थतज्ज्ञ जिसुंग पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२० सालचा अभ्यास सांगितला, अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या गुणांवरचा. जिथे वर्गात एसी नाही तिथे शाळेचं वर्ष सरासरी एक अंश फॅरनहाइटने जास्त गरम गेलं तर त्या वर्षीचं शिकणं साधारण १ टक्क्याने कमी झालं, आणि एसी होता तिथे हा फटका जवळजवळ दिसलाच नाही. हा अभ्यास गुणांचा आहे, वागण्याचा नाही, पण वर्गातल्या उकाड्याचा शिकण्याशी संबंध आहे हे त्यातून त्यांना पटलं.

वर्गशिक्षिकेशी बोलणं मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या एकदम म्हणाल्या, "मॅडम, तीन वाजता माझंही डोकं उठतं हो. पहिल्या तासाला जे मी हसून सोडते ना त्यावर तेव्हा ओरडते." केवढं प्रामाणिक वाक्य आहे हे! म्हणजे १५ शेऱ्यांतले काही सोनूच्या उकाड्याचे होते आणि काही बाईंच्या. पालकांनी हे समजून घ्यायला हवं, शाळेशी भांडायला जाऊ नका, त्या माणसाच्याही डोक्यावर तोच स्लॅब आहे.

काय केलं ते सांगते, फार मोठं काही नाही. सोनूची जागा बदलली, आतल्या ओळीत चालणाऱ्या पंख्याखाली. खिडकीला जुन्या चादरीचा पडदा लागला. लिहायचं काम पहिल्या दोन तासांत, सुट्टीनंतर गोष्ट, पाढे, तोंडी गणितं. वहीवर हाताखाली घ्यायला एक सुती रुमाल. टाय बंद. आणि पाण्याची घंटा, केरळने २०१९ मध्ये शाळांमध्ये सुरू केली होती तशी, घंटा वाजली की सगळ्यांनी बाटली उघडायची, आणि लघवीला जायचं असेल तर विचारायचं नाही, उठून जायचं. व्हरांड्यात माठ ठेवला. गच्चीला पांढरा चुना मारा म्हणून मी खूप मागे लागले पण ते त्या उन्हाळ्यात झालं नाही, बंद पंखाही बंदच राहिला. घरी आईने ट्यूशन दोन महिने थांबवली, संध्याकाळी आंघोळ, कैरीचं पन्हं, आणि झोपायची जागा खालच्या मजल्यावर काकूंकडे.

पंधरा दिवसांत शेरे दोनवर आले. चावणं थांबलं.

मग मार्चअखेर शासनाचा आदेश आला, उन्हामुळे शाळा सकाळी, प्राथमिक ७ ते सव्वाअकरा. आई खूश होऊन आली आणि आठ दिवसांत परत चिंतेत, कारण सकाळी सातची शाळा म्हणजे पोराला पावणेसहाला उठवणं. झोप कमी पडते म्हणूनच तर २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं शासनाने सांगितलं होतं, पण विदर्भातल्या एप्रिलमध्ये नऊ वाजता भरवली तर घरी परतताना पोरं भाजून निघतात. वार्षिक परीक्षाही त्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबली, पारा ४४ च्या वर. मी एवढंच सांगितलं की आता दुपारची झोप सक्तीची, एक ते तीन, पडदे ओढून, मोबाईल नाही.

आता उलट बाजूही सांगायलाच हवी, कारण सगळं हवामानावर ढकललं तरी पोराचं नुकसान होतं. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या आईला मी म्हटलं होतं की पावसाचे दिवस आहेत, मैदान बंद आहे, म्हणून ती वर्गात लक्ष देत नसेल, थोडं थांबू. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, पाऊस उघडला तरी ती हाक मारल्यावर बघेना. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं, तिला ऐकूच कमी येत होतं. दोन महिने ती बिचारी "ऐकत नाही" म्हणून बोलणी खात होती आणि मी थांबा म्हणाले होते, ते मला अजून लागतं. तेव्हापासून मी थांबायला सांगितलं तर तारीख देते, तीन आठवडे, आणि कान, डोळे, रक्त आधीच तपासायला लावते. आणि हवा बदलली तरी वागणं बदललं नाही, घरीही तसंच आहे, थंडीतही होतं, तर बालविकास तज्ज्ञाकडे जायला अजिबात लाजू नका.

तुमच्याही घरी असं चाललं असेल तर एक साधी वही करा. रोज चार गोष्टी: बाहेर कसं होतं (ऊन, उकाडा, पाऊस, ढगाळ), रात्री किती तास झोपला, बाटली किती रिकामी आली, आणि शाळेतून काय कळलं. महिनाभर. ती वही घेऊन आलात तर माझंच काय, कोणत्याही डॉक्टरचं अर्धं काम होतं.

सोनूच्या आईने ती वही पुढेही चालू ठेवली. शाळा जूनअखेर उघडली आणि जुलैत झड लागली, चार दिवस ग्राउंड बंद, पीटीचा तास गणिताला दिलेला, ओले मोजे, खिडक्या बंद, भर दुपारी लाईट लावून बसलेली पोरं. पाचव्या दिवशी आईचा फोन आला. मला वाटलं परत रडेल, पण ती म्हणाली, "मॅडम, आज रिमार्क आला, वर्गात धावला म्हणून. मी वही पाह्यली अन् नव्या बाईले जाऊन सांगितलं, याले व्हरांड्यात दहा मिनिटं उड्या मारू द्या. त्या म्हणे सगळ्यांनाच घेऊन जाते. अन् मी बॅगमध्ये मोज्यांचा एक जोड जास्तीचा टाकला, बरोबर केलं ना?"

एकदम बरोबर केलं, म्हटलं.