वंदना मोबाईल म्हणत होता, आम्ही नुसते बसत होतो

९ आणि १३ वर्षांची मुलं मोबाईल सोडत नाहीत, संध्याकाळी प्रार्थनेला बसत नाहीत, मग घरातली श्रद्धा टिकवायची कशी, असं तुम्ही विचारलंय. आम्ही नागपूरचे, इंदोऱ्याकडचे, घर बौद्ध. तुमच्याकडे शुभंकरोती असेल किंवा नमाज, रडगाणं तेच.

आधी आमची फजिती सांगते. आमच्याकडे रोज संध्याकाळी यूट्यूबवर त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलं, म्हणजे नियम, पाळायचं वचन) लागायचं आणि आम्ही हात जोडून बसायचो. एकदा तिसऱ्या शीलानंतर मधेच रमीची जाहिरात आली! पोट्टे खो-खो हसले. सासूबाई म्हणाल्या, "कायले लावता तो मोबाईल? मले येते ना सारं पाठ."

खरंच येत होतं. त्यांच्या सासऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात वंदना तोंडपाठ. पण मोबाईल आला आणि त्यांना कोणी विचारेनासं झालं. मुलांना दोष देत होतो, पण आजीचं काम मोबाईलला आम्हीच दिलं होतं.

आता आजी सांगतात, आम्ही मागून म्हणतो. धाकटीचे उच्चार अजून गमतीचे आहेत, चालतंय. वेळ सातची, कारण साडेसातला आजींची मालिका असते. त्या वेळात सगळ्यांचे फोन फ्रिजवर, नवऱ्याचाही. सर्वांत जास्त कुरकुर त्याचीच होती, ऑफिसचा ग्रुप ना! सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावभर टीव्ही-मोबाईल बंद असतात. आम्हाला अर्धा तास जमला तरी खूप झालं.

वायफाय बंद करून पाहिलं, पोरगा मोबाईल डेटावर गेला. फॅमिली लिंकमध्ये (मुलांच्या फोनची वेळ पालकांनी ठरवायचं गूगलचं ॲप) रात्रीची वेळ लावली आहे, ती धाकटीला पुरते. तेरा वर्षांच्या पोराशी मात्र बोलावंच लागतं. आमच्याकडे ते बोलणं पाचव्या शीलावरून निघालं. त्यात 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना' असा लांबलचक शब्द येतो. पोराने त्याचा अर्थ मोबाईलवरच शोधला: दारू वगैरे, ज्याने माणूस बेसावध होतो. मग मलाच विचारतो, "आई, रात्री बारापर्यंत रील पाहणं यात येते का?" मी म्हटलं, तूच ठरव. (रात्री बारापर्यंत मीही पाहते, हे त्याला माहीत आहे.)

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्याकडे बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं. यंदा रोज दोन पानं पोराकडे दिली. पुण्याची नणंद व्हिडिओ कॉलवर ऐकते, त्यामुळे तेवढा एक फोन फ्रिजवरून खाली येतो. कधी तो पानं गाळतो. आजींच्या लगेच लक्षात येतं, त्या मागचं पान काढायला लावतात.