एफडीला दुसरा हप्ता नसतो

सातारा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये २४ वर्षं काढलेल्या वाचकाचं पत्र आहे. वय ४९. दीड वर्षापूर्वी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरामागच्या शेडमध्ये तांब्या-पितळेची झाडं-फुलं घडवायला लागले. सोनकी, तेरडा, टोपली कारवी, कास पठारावर जे जे फुलतं ते सगळं. ही शिल्पं ते पुण्या-कोल्हापूरच्या प्रदर्शनांत विकतात. विचारतात : "मुंबईतल्या एका मोठ्या आर्ट शोमध्ये १ लाख २० हजारांचा स्टॉल मिळतोय. त्यासाठी २ लाखांचं पर्सनल लोन काढू का? तिथलं गिऱ्हाईक वेगळं असतं. एका इंटिरियर डिझायनरने दहा मोठी झाडं लागतील असं सांगितलंही आहे."

आणि खाली ता. क. : "पैशांची तशी काळजी नाही. बँकेतल्या साहेबांनी ३ लाखांची इन्शुरन्सवाली एफडी करून दिली आहे. २० मार्चला दुसरा हप्ता आहे. बाँडचं पाकीट पावत्यांबरोबर कपाटात आहे, अजून फोडलेलं नाही."

कर्ज काढू नका. स्टॉलही यंदा घेऊ नका. का ते पुढे येईलच, पण आधी ता. क. बघू, कारण एफडीला दुसरा हप्ता नसतो.

मी त्यांना फोन करून ते पाकीट फोडायला लावलं आणि पानांचे फोटो मागवले. आतून निघाली ती पारंपरिक विमा पॉलिसी. वर्षाला ३ लाख, अशी १० वर्षं भरायची. १५ वर्षांनी साडेपंचेचाळीस लाख मिळणार. साहेबांनी सांगितलेलं "डबल" त्यात कुठेही नाही. ३० लाखांचे साडेपंचेचाळीस होतात, तेही पंधरा वर्षांनी, म्हणजे परतावा पडतो वर्षाला ४ टक्के. कुठल्याही बँकेची साधी एफडी याहून जास्त देते, आणि मधेच मोडली तर अर्धा-एक टक्का व्याज कापून बाकीचे हातात ठेवते.

प्रस्ताव अर्जात 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यात १२ लाख लिहिलंय. हा आकडा कुणी लिहिला? "साहेबांनीच भरला, मी फक्त सह्या केल्या." कंपनीचा पडताळणीचा फोन येईल तेव्हा सगळ्याला हो म्हणा, हेही साहेबांनीच शिकवून ठेवलेलं. निवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाली की आठवड्याच्या आत हे साहेब चहाला का बोलावतात, हे आता तरी लोकांना कळायला हवं.

आता घरचा हिशेब. कंपनीतून निघताना पीएफ, ग्रॅच्युइटी धरून २२ लाख मिळाले. ६ लाखांत गृहकर्ज फेडलं, हे उत्तम केलं. ४ लाख शेड आणि टिग वेल्डिंग मशीनला गेले, ३ लाख या पॉलिसीत, ९ लाख खऱ्या एफडीत. पत्नीला खासगी शाळेत १२ हजार पगार आहे. मुलगी बारावीला. घरखर्च महिन्याला ३० हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. त्यातून पत्नीचा पगार वजा केला की तुम्हाला साधारण २ लाख १५ हजार आणायचे आहेत.

शिल्पांतून तुम्ही साधारण ३ लाख नफा धरलाय : विक्री ४ लाख १० हजार, माल १ लाख ५ हजारांचा. माल म्हणजे पत्रा आणि सळई एवढंच का? वायूची सिलिंडरं, वीज, ग्राइंडिंगच्या चकत्या, वरचं लॅकर मिळून आणखी २५ हजार. पाच प्रदर्शनांच्या स्टॉलचे ६० हजार. टेम्पो, राहणं, खाणं ५५ हजार. पेटारे, फोम आणि वाटेत वाकलेल्या पाकळ्यांची दुरुस्ती, १५ हजार. हे सगळे आकडे तुमच्याच वहीतले आहेत, फक्त वेगवेगळ्या पानांवर. बेरीज २ लाख ६० हजार होते. उरतात दीड लाख. शेडमध्ये पडून असलेली १ लाख ४० हजारांची न खपलेली झाडं तुम्ही 'जमेत' दाखवली आहेत. ती तिथून काढा, खपतील तेव्हा बघू.

तर खड्डा ६५ हजारांचा. ९ लाखांच्या एफडीवर साडेसहा टक्क्यांनी ५८-५९ हजार व्याज येतं. म्हणजे घर तुमच्या हातच्या कामावर जवळजवळ चालतंय. नोकरी सोडून दीड वर्षात हे साधलंत, याचं मला खरंच कौतुक वाटलं.

यात ३ लाखांचा हप्ता घाला. वर्षाची तूट होते ३ लाख ६५ हजार. ९ लाख व्याजासकट धरले तरी तिसरं वर्ष पुरं होत नाही. त्यानंतर हप्ता थकणार, पॉलिसी बंद पडणार, तोवर भरलेल्या ९-१२ लाखांचा तुकडा कापून हातात येणार. मुलीच्या शिक्षणाची ऐन वर्षं तीच. पत्रात तुम्ही मुंबईच्या स्टॉलला "मोठी जोखीम" म्हटलंय. त्याच्या अडीचपट रक्कम दर मार्चला आपोआप जाणार आहे आणि तिच्यावर तुम्ही विसंबून आहात.

आता काय करायचं? पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री-लूक म्हणतात. ती मुदत कपाटातच संपली. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एक दार उघडं आहे : एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल आणि पहिलं वर्ष पुरं झालं असेल, तर पॉलिसी सोडताना काहीतरी रक्कम द्यावी लागते. पूर्वी दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय अशा पॉलिसीत हातात भोपळाच यायचा. किती मिळेल ते त्याच पाकिटातल्या बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे मिळणाऱ्या रकमांच्या तक्त्यात, वर्षवार दिलेलं असतं. तो आकडा कंपनीकडून लेखी मागवा. तोवर ३ लाखांतले निम्मे गेले असं धरून चाला.

म्हणून क्रम चुकवू नका. आज-उद्याच बँकेत जाऊन त्या हप्त्याचं ऑटो-डेबिट लेखी अर्जाने बंद करा आणि पोच घ्या, नाहीतर मार्चमध्ये पैसे न विचारता जातील. पॉलिसी मात्र २० मार्चच्या आधी सोडू नका, वर्ष पुरं होऊ द्या. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्या काळात विमा चालूच राहतो. तेवढ्यात सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी सोडण्याचा, अर्ज घाला.

त्याआधी फसवून विकल्याची तक्रार करा, बँकेकडे आणि विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, दोन्हीकडे लेखी. साहेबांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला "३ लाख, डबल, सेफ, एफडीसारखंच" हा मेसेज तुमच्याकडे अजून आहे म्हणालात. तो पुसू नका, त्याचा फोटो तक्रारीला जोडा. अर्जातलं १२ लाखांचं उत्पन्न आणि तुमचं खरं विवरणपत्र शेजारी शेजारी ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. पडताळणीच्या फोनवर तुम्ही हो-हो म्हणालात, त्याचं रेकॉर्डिंग कंपनी काढेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. पूर्ण ३ लाख परत मिळतील ही आशा धरून दुसरा हप्ता मात्र भरू नका. तक्रार लांबली आणि सवलतीचे ३० दिवस संपत आले, तर सरेंडर थांबवायचं की नाही ते मला विचारा. साहेबांना विचारू नका. ते "अजून एक वर्ष भरा, मग बघू" म्हणतील.

"पण मग विम्याचं काय?" विमा हवाच, मुलगी शिकतेय. साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, घ्या, हप्ता याच्या दहाव्या भागातही बसेल. अर्जात खरं उत्पन्न आणि खरा धंदा लिहा, वेल्डिंगसकट. आणि नोकरीबरोबर कंपनीचं मेडिक्लेमही गेलं, त्याची पत्रात एक ओळ नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांचं कवच आहे, पण ठरलेल्या उपचारांपुरतं आणि यादीतल्या रुग्णालयांपुरतं. दिवसभर वेल्डिंगचा आर्गन वायू आणि आगीशी खेळणाऱ्या माणसाने स्वतःचा कौटुंबिक आरोग्य विमा वेगळा घ्यावा. वय ५० ओलांडलं की हप्ता आणि तपासण्या दोन्ही वाढतात.

जाता जाता : पुढच्या वर्षी ५० पूर्ण झाल्यावर "ईपीएसचं पेन्शन आत्ताच सुरू करून देतो" (ईपीएस म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन योजना) म्हणणारा कुणी भेटेलच. ५८ च्या आधी घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे ते ४ टक्क्यांनी कापलं जातं, आणि कापलेलं कायमचं. त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता शिल्पांकडे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंतलं तांब्याचं कंदीलपुष्प मी मोठं करून पाहिलं. खाली फुगीर नळी, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळवलेल्या, आतून पोकळ, आणि जोडावरचा डाग शोधूनही सापडत नाही. पत्रा पुन्हा पुन्हा तापवून, पाण्यात विझवून मऊ करत ठोकावा लागतो, दोन दिवस जातात, असं तुम्ही लिहिलंय. किंमत २४००. वरच्या हिशेबाने शंभरातले ३७ रुपये तुमचे, म्हणजे या फुलामागे ८९० रुपये. दिवसाला ४४५. तुमच्या शेडचा कोबा करणाऱ्या गवंड्याच्या हाताखालचा माणूस याहून जास्त घेऊन गेला असेल.

तेव्हा मुंबईला जाण्याआधी भाव वाढवा. भिंतीवर लावायची छोटी फुलं दुसऱ्याच दिवशी संपतात आणि मोठी झाडं टेम्पोतून परत येतात, असं तुम्हीच लिहिलंय. दुसऱ्या दिवशी संपणारी वस्तू स्वस्त आहे. पुढच्या प्रदर्शनात छोट्या फुलांना तिसरा हिस्सा वाढवून पाहा. चौथ्या दिवशी संपली तरी फायद्यातच राहाल.

मुंबईचा स्टॉल, प्रवास, राहणं मिळून दीड लाख. माल आणि गॅस जाऊन शंभरातले ६८ तुमच्याकडे राहतात, म्हणजे नुसता हा खर्च निघायला तिथे २ लाख २० हजारांची विक्री हवी. तुमचं आजवरचं सर्वात चांगलं प्रदर्शन पुण्याचं, १ लाख १० हजार. बरोब्बर दुप्पट, तेही तुमच्या मजुरीचा एक रुपया न धरता. जायचंच असेल तर पुढच्या वर्षी, वाढवलेल्या भावाने, आणि कुणा कुंभार किंवा चित्रकाराबरोबर अर्धा स्टॉल वाटून.

आणि कर्ज कशासाठी? साडेसहा टक्क्यांनी ९ लाख ठेवून १३-१४ टक्क्यांनी २ लाख घ्यायचे, हा कुठला हिशेब? नड आलीच तर एफडीवर कर्ज मिळतं, एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त. पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकाम हा १८ व्यवसायांपैकी एक आहे. पहिलं कर्ज १ लाखाचं, ५ टक्क्यांनी. तुमचं हातकाम त्यात बसतं का, हे जवळच्या सीएससी, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरून घेणाऱ्या केंद्रात विचारून या.

राहिले डिझायनर. "दहा झाडं लागतील" ही ऑर्डर नव्हे. त्यांना एक मेल टाका : एक झाड, उंची इतकी, किंमत इतकी, निम्मे पैसे आगाऊ, आगाऊ मिळाल्यापासून सहा आठवड्यांत पोहोच, वाहतूक डिझायनरकडे. पैसे खात्यात आले तर पत्रा आणायला जा. नाही आले तर त्या दहा झाडांसाठी एक सळईसुद्धा कापू नका.