सगळ्यांचा श्वास 20

सोलापूर,
मे महिना, दुपार

प्रिय बाळा,

पत्र मिळालं. एनक्लेक्सच्या, म्हणजे अमेरिकेत नर्स व्हायच्या परवाना-परीक्षेच्या, सरावात औषधांचे प्रश्न सुटतात, पण ‘चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जाल’ इथं गाडी अडते म्हणतेस. चारही पर्याय बरोबर वाटतात. अगं, बरेचदा बरोबरच असतात. विचारलेलं असतं, आधी कोणतं.

माझी एक चूक सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष, सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळी. आतड्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस असलेले एक काका संध्याकाळपासून चुळबुळत होते. चादर फेकायचे, उठून बसायचे. शेजारच्या खाटेचे नातेवाईक सलाईन संपलं म्हणून ओरडायला लागले, मी तिकडे धावले. परत आले तर काका शांत. वाटलं, डोळा लागला. चार्टवर श्वास लिहिला मिनिटाला 20. तेव्हा सगळ्यांचाच 20 लिहायचे, न मोजता. (आजही जुन्या फायली काढून बघ, अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेत असतो.) पहाटे सीनियर सिस्टरांनी त्यांच्या छातीकडे पाहिलं आणि हातातलं घड्याळ समोर धरलं. 36! काका आयसीयूत गेले, पंधरा दिवसांनी घरी गेले. चुळबूळ होती ती ऑक्सिजन कमी पडल्याची, आणि शांत झाले ते दमून. दोन्ही खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

एप्रिल 2023 पासून परीक्षेचं जे नवं रूप आलंय, त्यात नेमकं हेच तपासतात. एका केसवर सहा प्रश्न: खुणा ओळख, अर्थ लाव, कशाची शक्यता आधी धरायची ते ठरव, उपाय शोध, कर, आणि फरक पडला का ते बघ. मुली उपाय पाठ करतात आणि पहिल्याच पायरीवर घसरतात.

श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम तुला झोपेतही येतो. त्याच्या जोडीला एकच विचार: हे या पेशंटला अपेक्षित आहे का? जुन्या सीओपीडीवाल्याचं (फुप्फुसाचा जुनाट आजार) सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 90 टक्के असेल तर चालतं, त्याचं लक्ष्यच 88 ते 92. मांडीचं हाड मोडून दुसरा दिवस असलेल्या पोराला अचानक धाप लागून 90 आलं, तर पळ. मोडक्या हाडातले चरबीचे कण फुप्फुसात गेले असतील.

‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय फार गोड दिसतो. रक्त चढवताना थंडी वाजून कंबर दुखायला लागली, तर आधी रक्त बंद, नव्या सेटनं नॉर्मल सलाईन, मग फोन. हातातलं काम टाकून फोन नको. आणि परीक्षेतल्या हॉस्पिटलात माणसं, सामान, वेळ सगळं असतं असंच धरायचं. एका सिस्टरमागे चाळीस खाटा ही आपली सवय बाहेर ठेव. पहिली तपासणी, पेशंटला समजावणं, परिणाम बघणं हे तिथं मदतनिसावर सोपवलं की प्रश्न गेलाच.

आपल्या सोलापुरात मात्र तुला एक जास्तीची शाळा आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही भाषांत दुखणं ऐकायला मिळतं. विड्या वळणारी आजी ‘छातीत दुखतंय’ म्हणेलच असं नाही. ‘जीव घाबरा होतोय, गॅस धरलाय’ म्हणेल आणि पदरानं घाम पुसेल. मधुमेही बायकांचा हार्ट अटॅक कैकदा असाच येतो. ईसीजी आधी, अँटासिड नंतर. या उन्हात रानातून आणलेला माणूस बरळत असेल, तर तोंडाला दारूचा वास आला म्हणून सोडू नकोस. ताप मोज, साखर बघ. ताप 40 च्या वर असला तर तो पॅरासिटामॉलनं उतरणारा नव्हे; कपडे काढ, अंग ओलं कर, पंखा लाव.

नवीन प्रश्नसंच कुठला घेऊ, ते पुढच्या पत्रात. तोवर रोज ड्यूटीवर दहा पेशंटचा श्वास पूर्ण एक मिनिट मोज, त्यांना न सांगता. सांगितलं की लय बदलते. आकडे वहीत लिही आणि रविवारी वही घेऊन ये. सेकंदकाट्याचं घड्याळ नसेल तर माझं जुनं आहे, पट्टा तेवढा बदलून घे.

तुझी,
सिस्टर मावशी